पट्टी जमिनीपर्यंत पोचते का?

शाळेच्या जिन्याच्या खोलीवर पाच टोकांचा वीजरोधक दिमाखात उभा होता. मराठवाड्यातल्या त्या गावात वळवाच्या पावसात वीज नेमकी त्याच्यावरच पडली. तरीही ऑफिसातला स्विचबोर्ड भिंतीतून उखडून बाकावर येऊन पडला, संगणक जळाले आणि खिडकीच्या ग्रिलवर नाण्याएवढा वितळल्याचा डाग उमटला. उन्हाळ्याची सुट्टी होती, म्हणून वर्गात मुले नव्हती. ‘यंत्र बसवलेलं असताना हे झालंच कसं?’ असे मुख्याध्यापक पुन्हा पुन्हा विचारत होते.

तपासणीसाठी मी गेलो, तेव्हा उत्तर मागच्या भिंतीवर सापडले. गच्चीवरून उतरणारी तांब्याची पट्टी डोक्याच्या उंचीवर येऊन संपत होती. त्याखाली भिंतीत नुसते क्लॅम्प उरले होते. खालचा तुकडा कोणीतरी करवतीने कापून भंगारात विकला होता. वीज पट्टीने तिथवर आली, पुढे वाट नाही म्हटल्यावर हातभर अंतरावरच्या ग्रिलवर उडाली आणि तिथून वायरिंगमध्ये शिरली.

वीजरोधक विजेला अडवत नाही, तिला जमिनीपर्यंतची वाट देतो. ती वाट अर्धवट असेल, तर वर सळई नसलेली इमारत परवडली, असे माझे स्पष्ट मत आहे. याची किंमत सर्वांत आधी मोजली ती सेंट पीटर्सबर्गच्या गेऑर्ग रिखमान या शास्त्रज्ञाने. बेंजामिन फ्रँकलिनच्या कल्पनेवर युरोपभर प्रयोग सुरू असताना, १७५३ साली त्याने छपरावरची सळई तारेने घरातल्या मोजयंत्राला जोडली होती. ती मुद्दामच जमिनीला जोडलेली नव्हती. वादळ आले, तो यंत्राजवळ गेला आणि जागीच मरण पावला.

पट्टी शाबूत असली तरी ती कशी उतरवली आहे, याला फार महत्त्व आहे. विजेचा प्रवाह साधारण ३० हजार अँपिअरचा असतो, आणि तो काही मायक्रोसेकंदांत चढतो. प्रवाह मायक्रोसेकंदाला १० हजार अँपिअर या वेगाने वाढला, तर पट्टीच्या दर मीटरमागे सुमारे १० हजार व्होल्ट उभे राहतात. म्हणून पट्टी सरळ आणि जवळच्या वाटेने खाली यावी. छज्जा आला की अनेक जण पट्टीला इंग्रजी ‘यू’सारखा वळसा देतात. वीज तो वळसा घेत बसत नाही, मधली फट ओलांडते. एकाच पट्टीवर भिस्त ठेवू नये. किमान दोन पट्ट्या इमारतीच्या समोरासमोरच्या बाजूंनी उतराव्यात, मोठ्या इमारतीला दर १० ते २० मीटरवर एक.

जमिनीखालच्या कामात तर सर्वाधिक कुचराई होते, कारण खड्डा बुजला की काही दिसत नाही. ‘आयएस २३०९’ या जुन्या भारतीय मानकानुसार संपूर्ण यंत्रणेचा जमिनीशी रोध १० ओहमच्या आत हवा. आता हिशेब करा: ३० हजार अँपिअर गुणिले १० ओहम म्हणजे क्षणभर तीन लाख व्होल्ट! म्हणूनच ‘वीजरोधकाचं अर्थिंग बाकीच्यापासून तोडून ठेवा’ हा गावोगावी मिळणारा सल्ला घातक आहे. वीजरोधकाचे आणि घरच्या मीटरचे अर्थिंग, पाण्याचे लोखंडी पाइप हे सारे जमिनीलगत एकमेकांना जोडलेले हवे, म्हणजे त्यांच्यात ठिणगी उडत नाही. मुख्य बोर्डावर सर्ज प्रोटेक्टरही हवा, नाहीतर इमारत वाचते आणि आतली उपकरणे जातात. अर्थिंगसाठी केलेल्या कोळसा-मिठाच्या खड्ड्यातले मीठ पावसागणिक वाहून जाते आणि जीआय पाइप गंजवते. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी तर जमिनीत कधीच पुरू नये.

मोठ्या परिघाचे संरक्षण एकाच यंत्रात मिळते, असे सांगणारे वीजरोधकांचे महागडे नमुने बाजारात मिळतात. ‘आयईसी ६२३०५’ हे आंतरराष्ट्रीय मानक असला वाढीव परीघ हिशेबात धरत नाही. संरक्षण ठरते ते सळईची उंची, जागा आणि जाळी यांच्या मापाने. तेवढ्या पैशांत आणखी दोन पट्ट्या आणि दोन चांगले अर्थपिट होतात.

बसवणाऱ्या माणसांची मला जास्त काळजी वाटते. सळईसाठीचा सहा मीटरचा जीआय पाइप गच्चीवर चढवताना त्याचे दुसरे टोक कुठे फिरते आहे, याकडे कोणाचे लक्ष नसते. शेजारून ११ हजार व्होल्टची लाइन जात असेल, तर स्पर्शही लागत नाही, नुसते जवळ जाणे पुरते. आधी महावितरणकडे लेखी अर्ज करून लाइन बंद करून घ्यावी, मगच पाइप हलवावा. गच्चीच्या कडेला काम करणाऱ्याच्या अंगावर फुल बॉडी हार्नेस हवाच, आणि त्याची दोरी टाकीच्या पाइपला नव्हे, पक्क्या खांबाला बांधलेली हवी. आभाळ भरून आले, गडगडाट ऐकू आला की ताबडतोब खाली उतरावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जाऊ नये. रोध मोजण्यासाठी सोडायचा पट्टीवरचा जोड तर अशा वेळी उघडूच नये. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप आसपासच्या विजांचा इशारा देते. ते कामावरच्या मुकादमाच्या फोनमध्ये असावे.

सळई बसवली म्हणून गच्चीवर थांबणे सुरक्षित होत नाही. जुलै २०२१ मध्ये जयपूरजवळ आमेर किल्ल्यासमोरच्या टेहळणी बुरुजावर वीज पडून ११ जणांचा जीव गेला. पावसाची मजा घ्यायला, सेल्फी काढायला माणसे उंचावर चढली होती.

त्या शाळेत आता दोन पट्ट्या आहेत. जमिनीपासून अडीच-तीन मीटरपर्यंत त्यांवर जाड पीव्हीसी पाइप चढवला आहे, म्हणजे चोराला कापणे अवघड जाते आणि मुलांचा हातही लागत नाही.

तुमच्या सोसायटीच्या, शाळेच्या, देवळाच्या वीजरोधकाची पट्टी एप्रिल संपायच्या आत गच्चीपासून अर्थपिटपर्यंत नजरेने तपासा. कुठे तुटली, सैल झाली, गंजली असेल तर परवानाधारक ठेकेदाराला बोलवा, त्याच्याकडून अर्थ टेस्टरने रोध मोजून घ्या आणि आकडा तारखेसह लिहून ठेवा.