ताप उतरतो, किडनीचं काय?

मधुमेहाने बिघडणारी किडनी विषाणूच्या संसर्गात आणखी का खचते, हा माझ्या संशोधनाचा विषय. त्या कामात पक्क्या पटलेल्या काही गोष्टी लिहिते.

१. रक्तातल्या क्रिएटिनिनवर विसंबून राहू नये. ते वाढलेलं दिसतं तोवर किडनीचं बरंचसं काम गेलेलं असू शकतं. लघवीतलं अल्ब्युमिन बहुधा आधी इशारा देतं. लघवीतल्या दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे ते ३० मिलिग्रॅम किंवा अधिक निघालं, की सावध व्हायचं. या तपासणीला सुई लागत नाही, उपाशी राहावं लागत नाही. तरी मी चाळलेल्या कितीतरी फायलींत ती नसतेच, याचं मला फार वाईट वाटतं.

२. ऐन तापात घेतलेल्या नमुन्यावरून निदान करू नये. संसर्गात अल्ब्युमिन तात्पुरतंही वाढतं. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वाढलेले आले तरच ते खरं धरायचं.

३. २०२२ साली बार्सिलोनातल्या नूरिया मोन्सेर्रात यांच्या गटाने छापलेला अभ्यास मी विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला देते. त्यांनी मूलपेशींपासून किडनीच्या चिमुकल्या प्रतिकृती वाढवल्या आणि त्यांना मधुमेहातल्यासारखी चढउताराची साखर दिली. पेशींवरचं एसीई-२ वाढलं. कोविडचा विषाणू पेशीत शिरतो तो याच दारातून. संसर्गही वाढला. मधुमेही रुग्णांच्या किडनीतून घेतलेल्या पेशींतही तेच दिसलं. मला यापुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो: या पेशींची ऊर्जा तयार करण्याची रीतच बदलली होती, आणि डायक्लोरोॲसिटेटने त्या रीतीवर उपाय करताच संसर्ग घटला. विषाणू येण्याच्या कितीतरी आधी साखरेने पेशीला दुबळं केलेलं असतं. आपल्या देशात मधुमेही सुमारे १० कोटी आहेत, असं आयसीएमआरच्या २०२३ च्या अहवालात आलं, तेव्हा मला आधी हेच आठवलं.

४. प्रयोगशाळेतल्या पेशींचा रक्तदाब पडत नाही, माणसाचा पडतो. आयसीयूतल्या रुग्णाची किडनी कमी रक्तपुरवठा, शरीरभर पेटलेला दाह, औषधं अशा अनेक बाजूंनी एकदमच मार खाते. त्यात थेट विषाणूचा वाटा किती, यावर अजून वाद आहे, आणि तो प्रामाणिकपणे चालू राहावा.

५. अंगदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेलं डायक्लोफिनॅक मधुमेही किडनीला महागात पडू शकतं, त्यात उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी गेलेलं असेल तर फारच. डेंग्यूत तर ते रक्तस्रावाचाही धोका वाढवतं. मधुमेहाची ग्लिफ्लोझिन गटातली गोळी चालू असेल आणि जेवण जात नसेल, तर ती थांबवायची का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारावं.

६. बरी झालेली माणसं नमुना द्यायला परत येत नाहीत. रोजंदारी बुडवून का यावं त्यांनी? आम्ही त्यांच्या गावी, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी जाऊ लागलो, अहवाल मराठीत समजावून देऊ लागलो, तेव्हा नमुने मिळू लागले. संशोधनाचा निधी मागताना या प्रवासाचा खर्च पहिल्या पानावर लिहावा.