माळ्यावरच्या वायरीची राखण : घरच्या फिटिंगचा एक धडा



साखर कारखान्याच्या बगॅस यार्डातून कोणी उघडी वायर ओढली, तर आपण ती चालू देऊ काय? मुळीच नाही. एका ठिणगीने केवढा अनर्थ होईल, हे प्रत्येक सभासदाला ठाऊक आहे. पण आपल्याच घराच्या माळ्यावर कुटाराची पोती, रिकामा बारदाना, जुनी लाकडे आणि त्यांच्यावरूनच गेलेली उघडी वायर असते. तिकडे मात्र आपले लक्ष नसते. विचारले तर उत्तर ठरलेले, "माळ्यावर कोन जाते पाहाले?"

आज त्याच माळ्यावर जाऊन पाहू.

मोझरी-तिवसा भागातील जुनी घरे कवेलूची, नाहीतर टिनाची. गुरुकुंजात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवाला गावोगावचे पाहुणे येतात. सामान वर जाते, माळ्यावर उजेड लागतो, आणि घरातलाच कोणीतरी तुकड्याला तुकडा जोडून वर बल्ब लोंबकळत सोडतो. पुढे दिवाळीच्या सुमारास कापूस घरात येतो. पाहुणे गेले तरी बल्ब तसाच राहतो आणि त्याच्याखाली कापूस येऊन पडतो.

माळ्यावर वायरीचे वैरी चार

पहिला वैरी ऊन. घरात वापरतात त्या पीव्हीसी वायरीची तार ७० अंशांपेक्षा जास्त तापता कामा नये. वायर किती अँपिअर वाहील हे साधारणपणे बाहेरची हवा ४० अंश धरून ठरवतात. म्हणजे तापायला ३० अंशांची मोकळीक. समजा, वैशाखात टिनाखालची हवा ५५ अंश झाली. मोकळीक उरली १५ अंश, म्हणजे निम्मी. वायरीची उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. म्हणून २० अँपिअरची वायर तिथे सुमारे १४ अँपिअरच्या वर नेऊ नये. नेली तर वरचे आवरण कडक होते, तडकते.

दुसरा वैरी उंदीर. तो पीव्हीसी कुरतडतो आणि तांबे उघडे पडते.

तिसरा वैरी आपले पाय आणि आपले सामान. वायरीवर पोते ओढले, पाय पडला, लाकूड आपटले की आवरण सोलले.

चौथा वैरी टिनाची धार. वारा सुटला की टिन हलते आणि धारेवरून गेलेली वायर हळूहळू कापली जाते. मग अख्खे टिन व त्याचा लोखंडी अँगल जिवंत होतो. त्याच अँगलला कपडे वाळवायची तार बांधलेली असते. ओली कापडं टाकायला घरची बाई हात लावते आणि जिवावर बेतते. दोष माळ्यावर, बळी अंगणात.

नियम काय सांगतो?

घरच्या फिटिंगसाठी आपल्या देशात आयएस ७३२ हे मानक आहे आणि राष्ट्रीय विद्युत संहिता आहे. संहिता प्रथम १९८५ साली निघाली, पुढे ती सुधारली गेली. वायरिंग जिथे जाते तिथली उष्णता, पाणी, आदळआपट व प्राण्यांचा उपद्रव लक्षात घेऊनच ते निवडावे व झाकावे, हे आयएस ७३२ चे तत्त्व आहे.

अमेरिकेच्या संहितेत माळ्यासाठी स्पष्ट मापे दिली आहेत. कायमचा जिना असेल, तर तुळयांवरून आडव्या गेलेल्या, तसेच माळ्याच्या जमिनीपासून ७ फुटांच्या आत फाट्यांवरून आडव्या गेलेल्या केबलीला संरक्षक पट्ट्या हव्यात. जिना नसेल, तर चढण्याच्या झरोक्याभोवती ६ फुटांपर्यंत त्या हव्यात. त्यामागचा विचार आपल्यालाही लागू आहे : माणसाचा हात-पाय जिथे पोहोचतो तिथे वायर उघडी नको.

आपण काय करावे?

१) वायर मयालीच्या बाजूने, कडेकडेने न्यावी. चालायच्या वाटेत आडवी नको.

२) वायर आयएसआय शिक्क्याच्या पाइपातून न्यावी. दर दोन फुटांना सॅडल मारावे आणि पाइपाची तोंडे बंद करावी. पाण्याची नळी चालत नाही. उंदीर फार असतील तर लोखंडी पाइप वापरावा आणि त्याला अर्थिंग द्यावे.

३) जोड फक्त डबीत असावा, कनेक्टरने घट्ट केलेला. नुसता पीळ देऊन चिकटपट्टी लावणे म्हणजे जोड नव्हे. जुनी ॲल्युमिनियमची वायर तांब्याला पिळून जोडली तर जोड सैल होतो आणि तापतो.

४) वायर टिनाला टेकू देऊ नये. टिनातून किंवा पत्र्यातून आरपार न्यायचीच असेल तर छिद्राला रबरी बुश बसवावा.

५) दिवा पक्क्या होल्डरमध्ये, सामानापासून दूर असावा. एलईडी कमी तापतो. बटन जिन्याच्या पायथ्याशी घ्यावे.

६) मेनवर एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, दोन्ही बसवाव्यात. एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किट तोडते. आरसीसीबी गळती ओळखते आणि माणसाला झटका बसताच लाइन तोडते. एकीचे काम दुसरी करीत नाही. आरसीसीबीचे टेस्ट बटन महिन्यातून एकदा दाबून पाहावे. आणि फ्यूजला जाड तार बांधायची सवय आजच सोडावी.

तपासणी कशी करावी?

आधी मेन बंद करावे. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करावा, कारण मेन बंद असूनही त्याची लाइन जिवंत राहते. मग बॅटरी घेऊन वर जावे व फक्त डोळ्यांनी पाहावे, हात लावू नये. काळवंडलेला जोड, कुरतडलेले आवरण किंवा टिनाला टेकलेली वायर दिसली तर जागा लिहून ठेवावी. दुरुस्ती परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी आणि काम झाल्यावर मेगर लावायला सांगावे. वायर व अर्थ यांच्यामध्ये ५०० व्होल्टवर १ मेगोहमपेक्षा कमी आले, तर काम पुरे झाले असे समजू नये.

बंधूंनो, हे काम एका दिवसाचे आहे. भादव्यातच उरकून घ्या. पाहुणे येण्याआधी आणि कापूस घरात पडण्याआधी प्रत्येक सभासदाने एकदा माळ्यावर चढावे, एवढीच विनंती.