फाजसंशोधन: पाल्याने ही वाट धरावी काय?

जीवाणूंचा फडशा पाडणाऱ्या विषाणूंचा अभ्यास करून चरितार्थ चालेल काय, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. आणि त्याचे उत्तर या विषाणूंच्या, म्हणजे फाजांच्या, स्वभावातच मिळते.

फेलिक्स द'हेरेल यांनी १९१७ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून ज्यांची वार्ता जाहीर केली, आणि ज्यांच्या वैद्यकीय उपयोगासाठी जॉर्जियातील तिबिलिसी येथे १९२३ पासून संस्था उभी आहे, ते फाज जीवाणूस चिकटून आपले जनुकद्रव्य आत सोडतात आणि त्याच्याच सामग्रीतून प्रजा वाढवून अखेर त्याची भिंत फोडून बाहेर पडतात. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे २०१९ साली जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू ओढवले असा अंदाज असल्याने, या मागे पडलेल्या उपायाकडे वैद्यकाचे लक्ष पुन्हा वळले आहे.

परंतु एक प्रतिजैविक अनेक रोगांवर चालते, तसे फाजाचे नाही. तो बहुधा एकाच जातीच्या, पुष्कळदा तिच्या काही वाणांच्याच, जीवाणूंस मारतो. म्हणून सांडपाण्यातून नवे फाज वेगळे करणे, थाळीवरील जीवाणूंच्या थरात पडलेले स्वच्छ ठिपके तपासणे, जनुकक्रम वाचून त्यात विषनिर्मितीची जनुके नाहीत याची खातरजमा करणे आणि प्रत्येकाची दप्तरी नोंद ठेवणे, ही कामे जीवाणू प्रतिकार शिकला की पुन्हा आरंभावी लागतात. कुशल माणसांची गरज येथूनच उत्पन्न होते.

तथापि पदवीच्या वयात केवळ फाजांचा ध्यास धरणे इष्ट नव्हे. जीवशास्त्रासह बारावी, नंतर सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. व एम.एस्सी., किंवा पुण्याच्या आयसरसारख्या संस्थेतील पाच वर्षांचा अभ्यासक्रम, आणि पुढे नेट परीक्षेतून संशोधनवृत्ती मिळवून पीएच.डी., असा हा क्रम आहे. संख्याशास्त्र व संगणकीय जीवशास्त्र यांची जोड त्यास अवश्य द्यावी.

पालकांनी दोन बाबी ध्यानी घ्याव्यात. फाजोपचार भारतात अद्याप नित्याचा झालेला नाही, सबब 'फाजतज्ज्ञ' या हुद्द्याच्या जाहिराती तूर्त शोधू नयेत, आणि पीएच.डी.पर्यंतची मुदत बारावीनंतर साधारण दहा वर्षांची धरावी. मात्र ज्या कसबांवर हे शास्त्र उभे आहे, तीच औषधनिर्मिती, लसउत्पादन, अन्नसुरक्षा व रुग्णालयीन निदान या क्षेत्रांत उपयोगी पडतात, त्यामुळे मध्येच थांबावे लागले तरी शिक्षण वाया जात नाही. एकच प्रयोग पुनःपुन्हा करण्याचा ज्यास कंटाळा येत नाही, त्या पाल्यास या वाटेने खुशाल जाऊ द्यावे. ज्यास लवकर स्थिर वेतन हवे, त्याने एम.एस्सी. नंतर गुणनियंत्रणाची नोकरी पाहावी, आणि त्यात कमीपणा मानू नये.