खातेदार आणि कसणारा : बाभुळगाव परिसर व वऱ्हाडातील रयतवारी

ग्रामीण साहित्याच्या चर्चेत ‘शेतकरी’ ही संज्ञा बहुधा एकजिनसी अर्थाने योजिली जाते. जमीनधारणेचा इतिहास पाहता या एका शब्दाखाली दोन भिन्न माणसे उभी असल्याचे दिसते : महसुली कागदावरचा खातेदार आणि प्रत्यक्ष नांगर धरणारा. यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगावचा परिसर हा भेद तपासण्यास सोयीचा आहे. कारण त्याच्या पूर्वेस वाहणारी वर्धा नदी ही ब्रिटिश अमदानीत दोन महसूलपद्धतींमधील सीमा होती.

1853 च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून ब्रिटिशांच्या कारभाराखाली आले. तत्पूर्वी वसुली मक्त्याने दिली जाई आणि मक्तेदाराची दृष्टी मुदतीतील नफ्यापलीकडे क्वचितच जाई. 1861 पासून येथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी सुरू झाली. शेताची मोजणी, मातीची प्रतवारी आणि त्यावरून सामान्यतः तीस वर्षांसाठी ठरविलेला सारा, हे तिचे स्वरूप होय. सारा भरणाऱ्याचे नाव खात्यास लागले. शेत विकण्याचा व गहाण ठेवण्याचा हक्कही त्यास मिळाला. ओसाड गावांसाठी मात्र 1865 च्या नियमांन्वये इजारे देण्यात आले. यवतमाळ जिल्ह्यातील अनेक गावांच्या नावांस जोडलेले ‘इजारा’ हे पद त्या व्यवस्थेची खूण होय.

नदीपलीकडे वर्धा-नागपूर भागात मालगुजारी होती. तेथे 1860 नंतरच्या जमाबंदीत वसुली करणाऱ्यास गावाची मालकी देण्यात आली. वरवर पाहता रयतवारी अधिक न्याय्य वाटते, कारण सरकार व रयत यांच्यामध्ये कोणी मध्यस्थ नाही. परंतु मालगुजारी मुलखात मौरूसी कुळांचे हक्क मान्य झाले आणि 1883 व 1898 च्या कूळकायद्यांनी कुळांस संरक्षण दिले. वऱ्हाडात खातेदार हीच रयत, असे कायद्याचे गृहीत होते. म्हणून खातेदाराचे शेत बटाईने वा मक्त्याने कसणारा कायद्याच्या दृष्टीपुढे आलाच नाही.

हे गृहीत लवकरच डळमळले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (1861-65) कापसाचे भाव चढले. 1867 मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. जमिनीस बाजारमूल्य आले, तसे ती गहाण टाकून कर्ज काढणेही सुलभ झाले. विक्रीचा जो हक्क खातेदाराची प्रतिष्ठा ठरला, त्याच वाटेने शेत सावकाराकडे जाऊ लागले. जुना खातेदार अनेकदा त्याच शेतात कूळ म्हणून राबला. शेत, बैल, पाळी तीच राहिली. बदलले ते खात्यावरचे नाव.

वऱ्हाडातील सामान्य कुळास व्यापक संरक्षण लाभण्यास 1951 चा शेतजमीन पट्टा नियमन कायदा यावा लागला. विदर्भासाठीचा स्वतंत्र कूळकायदा 1958 चा.

महात्मा फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मधील (1883) शेतकरी सारा, कर्ज व कचेरी यांच्या कात्रीत सापडलेला आहे. विदर्भातील ग्रामीण लेखन त्याच्याशी ताडून पाहताना कथेतील माणूस खातेदार आहे, मक्तेकरी आहे की बटाईदार, हा प्रश्न प्रथम विचारावयास हवा. तो न विचारल्यास महसुली दप्तराने वगळलेला माणूस साहित्याच्या वाचनातूनही वगळला जाण्याचा धोका संभवतो.