घरातील अनिश्चितता, मुलांचा स्वभाव आणि किशोरवय



दृढीकरण संस्काराच्या तयारीच्या काळात पालक भेटायला येतात तेव्हा बहुधा एकच तक्रार असते. "फादर, पोरगा ऐकत नाही. त्याला सगळं आजच्या आज हवं, उद्याचा विचारच नाही." मग संगतीला दोष दिला जातो, मोबाईलला दोष दिला जातो. त्यांचा वाटा नाही असे मी म्हणणार नाही. परंतु पंधराव्या वर्षी दिसणाऱ्या उतावळेपणाची मुळे पुष्कळदा लहानपणच्या घरात असतात.

अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक साधा प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. तीन ते पाच वर्षांच्या २८ मुलांना चित्रे काढायला बसवले. "थांब हं, मी याहून चांगले रंग आणून देते," असे प्रत्येकाला सांगितले. निम्म्या मुलांना ते खरोखर आणून दिले. उरलेल्यांना "माफ कर, रंग नाहीत" असे ऐकावे लागले. दुसऱ्यांदाही तसेच घडले. त्यानंतर प्रत्येकापुढे एक मऊ, गोड मार्शमेलो ठेवला आणि सांगितले, "मी येईपर्यंत हा खाल्ला नाहीस तर दोन मिळतील." ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुले सरासरी १२ मिनिटे थांबली. ज्यांच्याबाबत तो मोडला गेला होता ती जेमतेम ३ मिनिटे. पूर्ण १५ मिनिटे थांबणारी पहिल्या गटात १४ पैकी ९ होती, दुसऱ्या गटात एकच.

ज्याला आपण संयम म्हणतो त्यात विश्वासाचा भाग किती मोठा आहे, हे यावरून दिसते. मोठ्यांचा शब्द खरा ठरत नाही असा ज्याचा अनुभव आहे, त्या मुलाने समोरचे उचलून तोंडात टाकले तर त्याचे काय चुकले? अ‍ॅरिस्टॉटलने सद्गुणांची वाढ सवयीतून होते असे मानले. सवय लागायची तर आजच्या वागण्याचे उद्या काय होणार, याला काही नेम हवा.

मिनेसोटा येथे गरीब कुटुंबांतील मुलांचा १९७० च्या दशकापासून, त्यांच्या जन्माआधीपासूनच, अभ्यास चालू झाला. जेफ्री सिम्प्सन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली त्यातून एक निष्कर्ष मांडला. पहिल्या पाच वर्षांत ज्यांच्या घरी नोकरी, राहण्याची जागा आणि आईसोबत राहणारा जोडीदार वारंवार बदलत राहिला, त्यांच्यात तेविसाव्या वर्षी आक्रमक व बेकायदा वर्तन अधिक आढळले. निव्वळ हलाखीचा तसा ठळक संबंध दिसला नाही.

म्हणून गरिबी आणि अनिश्चितता यांची गल्लत करू नये. एका संध्याकाळी बाप वडापाव घेऊन येतो, दुसऱ्या संध्याकाळी जेवणाचे ताट भिरकावतो. फाटकाची कडी कशी वाजते त्यावरून आज कोणता बाप घरात येतोय याचा अंदाज मूल बांधू लागते. त्या मुलाची सारी हुशारी त्यातच खर्ची पडते; अभ्यासाला काय उरणार? आणि ज्या घरात दारू नाही त्यांनीही लगेच निश्चिंत होऊ नये. ज्या खोडीवर काल सगळे हसले, त्याच खोडीसाठी आज मार बसत असेल तर मूल शिस्त शिकत नाही, आपला मूड ओळखायला शिकते. याउलट रात्रपाळी करणाऱ्या नर्स आईचे मूल निर्धास्त असू शकते. आईची ड्युटी कॅलेंडरवर लिहिलेली असली आणि ती सांगितलेल्या वेळी घरी आली, की झाले.

आता स्वभावाविषयी. एसाव आणि याकोब एकाच उदरातून आले. एक रानात रमला, एक तंबूत. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या पती-पत्नींनी १९५६ पासून मुलांचा दीर्घ अभ्यास केला. काही मुले सहज रुळतात, काही तापट असतात, काहींना नव्या गोष्टीशी जुळवून घ्यायला वेळ लागतो, असे त्यांना आढळले. एकच घर दोन भावंडांना सारखे लागत नाही. अस्थिर घरात एक मुलगा दांडगाई करू लागतो, आणि त्याची बहीण गप्प होत जाते. तिची तक्रार घेऊन माझ्याकडे कोणी येत नाही. "ती शहाणी आहे हो फादर!" मला तिची काळजी अधिक वाटते.

पण पालकांनी हात टेकू नयेत. हवाई बेटांपैकी कवाई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बालकांचा एमी वर्नर यांनी अनेक दशके मागोवा घेतला. सर्वांत बिकट परिस्थितीत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले समर्थ, प्रेमळ माणसे झाली. त्यांतील बरीच बाळपणापासून लाघवी स्वभावाची होती. पण त्याबरोबरच त्यांना निदान एक तरी भरवशाचे माणूस लाभले होते. ते नेहमी आई-बापच होते असे नाही. कुठे आजी-आजोबा, कुठे थोरले भावंड. घराबाहेर शिक्षक, शेजारी, चर्चमधील मंडळी.

अशी मुले आपल्या कॅटेकिझमच्या वर्गातही बसलेली असतात. तेव्हा शिक्षकांना एक विनंती: रविवारचा वर्ग होणार नसेल तर मुलांना आदल्या रविवारीच सांगा, आणि सहलीला नेऊ म्हटले असेल तर न्या.

आपला,
प्रमुख धर्मगुरू