पहिली दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात: पालकांनी न विचारलेला पर्याय

बारावीचा निकाल आणि त्यापाठोपाठ सीईटी व जेईईचे गुण हाती आले, की मुलांना पदवीसाठीच अमेरिकेत पाठवू इच्छिणाऱ्या घरांतून दरवर्षी तेच प्रश्न येतात: कोणत्या विद्यापीठाचा क्रमांक वरचा आहे, कर्ज किती मिळेल, आणि गुण थोडे कमी पडले तरी एखादे नावाजलेले विद्यापीठ मिळेल का. या घाईत चार वर्षांच्या पूर्ण शुल्काचा निर्णय काही आठवड्यांत होऊन जातो, आणि ज्या मार्गाने त्याच विद्यापीठाची तीच पदवी बऱ्याच कमी खर्चात मिळू शकते, त्या मार्गाचे नावही चर्चेत येत नाही. पहिली दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात आणि पुढची दोन विद्यापीठात, असा हा मार्ग आहे. तो नाकारण्याची कारणे शैक्षणिक असती तर तक्रारीला जागा नव्हती. बहुतेक घरांत ती केवळ प्रतिष्ठेची असतात.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे राज्याच्या अनुदानावर आणि स्थानिक करांवर चालणारी, मुख्यतः दोन वर्षांचे शिक्षण देणारी सार्वजनिक संस्था. इलिनॉय राज्यातील जॉलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ मध्ये सुरू झाले आणि या प्रकारातील आजही चालू असलेले सर्वांत जुने सार्वजनिक कॉलेज म्हणून ते ओळखले जाते; पुढे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ मध्ये अशा कॉलेजांचे देशव्यापी जाळे विणण्याचा आग्रह धरला, आणि आज त्यांची संख्या हजाराच्या आसपास आहे. प्रवेश बहुधा खुला असतो, सॅटसारखी परीक्षा मागितली जात नाही, परदेशी विद्यार्थ्याला मात्र इंग्रजीची पात्रता आणि खर्चाची तरतूद दाखवावी लागते. अभ्यासाचे मोजमाप क्रेडिटमध्ये होते, म्हणजे प्रत्येक विषयाला त्याच्या तासांनुसार ठरलेले भारांक मिळतात आणि ते विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होत जातात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर भारतात आलेल्या क्रेडिट बँकेमुळे ही कल्पना आता आपल्याकडेही परकी राहिलेली नाही. अमेरिकेत पदवीला साधारण १२० सेमिस्टर क्रेडिट लागतात. त्यांपैकी सुमारे ६० कम्युनिटी कॉलेजात पूर्ण केल्यावर असोसिएट पदवी मिळते, आणि ते क्रेडिट घेऊन विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जाण्याला ट्रान्सफर म्हणतात.

ही व्यवस्था सर्वांत पक्की झाली ती कॅलिफोर्नियात. तेथील १९६० च्या उच्चशिक्षण आराखड्याने कम्युनिटी कॉलेजे, राज्य विद्यापीठे आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया अशा तीन स्तरांची कामे वाटून दिली आणि खालच्या स्तरावरून वरच्या स्तरावर जाण्याची वाट धोरणातच आखून ठेवली. आज राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजे आहेत आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशांत त्यांच्या विद्यार्थ्यांना प्राधान्य देते, त्यामुळे पुण्यात दोन वर्षे शिकून तेथे बदली मागणाऱ्यापेक्षा कूपर्टिनोच्या डी अँझा किंवा सांता मोनिका कॉलेजातून येणाऱ्याची बाजू भक्कम ठरते, मग तो परदेशी का असेना. याहून पुढची सोय म्हणजे प्रवेशहमीचा करार. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहा विद्यापीठ-केंद्रांपैकी एकाशी असा करार करता येतो आणि ठरलेले विषय ठरलेल्या सरासरीने पूर्ण केल्यास प्रवेश नक्की होतो. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो ही केंद्रे या हमीत नाहीत, तेथे स्पर्धेतूनच जावे लागते. शिवाय हमी देणाऱ्या काही केंद्रांतही संगणकशास्त्रासारख्या गर्दीच्या विषयांना ती लागू होत नाही, ही गोष्ट प्रवेशाचे दलाल क्वचितच सांगतात आणि पालकांनी ती स्वतः तपासली पाहिजे.

हमीचा अर्ज प्रवेशाच्या आदल्या वर्षी सप्टेंबरात भरावा लागतो, म्हणजे दोन वर्षांत बाहेर पडू पाहणाऱ्याला दुसरे वर्ष सुरू होताच. त्या वेळेपर्यंत पहिल्या वर्षाचे क्रेडिट पूर्ण झालेले आणि पुढच्यांचे वेळापत्रक ठरलेले असावे लागते, म्हणून या मार्गाचे खरे नियोजन पहिल्या सत्राच्या नावनोंदणीपूर्वी होते. अभियांत्रिकीला जाणाऱ्याने कॅल्क्युलस, रेखीय बीजगणित, विकलक समीकरणे आणि भौतिकशास्त्र यांची साखळी मोडली, तर एका चुकलेल्या विषयापायी वर्ष जाऊ शकते. कोणत्या कॉलेजचा कोणता विषय कोणत्या विद्यापीठात ग्राह्य धरला जातो, हे ‘असिस्ट’ या राज्याच्या सार्वजनिक संकेतस्थळावर विषयवार पाहता येते. ज्या सल्लागाराला ते उघडून दाखवता येत नाही, त्याच्याकडून या मार्गाचा सल्ला घेऊ नये.

आता पैशाचा हिशेब. कॅलिफोर्नियातील रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका युनिटचे, म्हणजे क्रेडिटचे, ४६ डॉलर पडतात; परदेशी विद्यार्थ्याला त्याच्या कितीतरी पट, साधारण ३५० ते ४५० डॉलर, मोजावे लागतात. तरीही वर्षाच्या ३० युनिटांचे शुल्क सुमारे १० ते १३ हजार डॉलरांत बसते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात परराज्यातील वा परदेशी विद्यार्थ्याचे केवळ शिक्षणशुल्कच वर्षाला ५० हजार डॉलरच्या आसपास जाते, म्हणजे पहिल्या दोन वर्षांतला फरक ७० हजार डॉलरच्या पुढे, सुमारे ६० लाख रुपयांचा होतो. राहण्याजेवण्याचा खर्च दोन्हीकडे आहेच. सांता बार्बराची पदवी मिळते तेव्हा तिच्यावर पहिली दोन वर्षे कोठे काढली याची नोंद नसते.

असे असताना मराठी मध्यमवर्गीय घर या पर्यायापुढे थबकते ते एकाच ठिकाणी: नातेवाइकांना काय सांगायचे. सोसायटीतल्या शेजाऱ्याची मुलगी ‘युनिव्हर्सिटीत’ आणि आपला मुलगा ‘कॉलेजात’, ही तुलना आईवडिलांना सहन होत नाही, आणि तेवढ्यासाठी राहता फ्लॅट गहाण ठेवून, निवृत्तीची पुंजी मोडून मुलाला अशा खासगी विद्यापीठात धाडले जाते ज्याचे नाव निकालाच्या आठवड्यापर्यंत त्या घरात कोणी ऐकलेले नव्हते. त्या कर्जाचे ओझे मुलाच्या मनावर पहिल्या दिवसापासून असते; तो विषय बदलू शकत नाही, नापास होण्याची भीती बोलून दाखवू शकत नाही, आणि आवड नसलेल्या संगणकशास्त्रात केवळ परतफेडीसाठी टिकून राहतो. अठराव्या वर्षी आपल्याला काय शिकायचे आहे हे बहुतेक मुलांना नक्की ठाऊक नसते, आणि ते शोधण्याची मुभा लहान वर्गात, शिकवणे हेच मुख्य काम असलेल्या प्राध्यापकांकडे आणि परवडणाऱ्या शुल्कात मिळते ही कम्युनिटी कॉलेजची सर्वांत मोठी देणगी आहे. मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षाचे कॅल्क्युलस अनेकदा शेकडोंच्या सभागृहात शिकवले जाते. ज्यांना हा मार्ग दुय्यम वाटतो त्यांनी दोन नावे ध्यानात ठेवावीत: स्पेस शटलच्या पहिल्या महिला कमांडर आयलीन कॉलिन्स यांनी शिक्षणाची सुरुवात न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजात केली, आणि मानवी जनुकसंचाच्या वाचनात अग्रभागी असलेले क्रेग व्हेंटर हे कॉलेज ऑफ सॅन मटेओमधून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सॅन दिएगो केंद्रात गेले.

तरीही हा मार्ग सर्वांसाठी नाही. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात पाऊल टाकणाऱ्यांपैकी सुमारे एकतृतीयांशच चार वर्षांच्या संस्थेत पोहोचतात, आणि सुरुवात केलेल्या सहांपैकी जेमतेम एक जण सहा वर्षांत बॅचलर पदवी मिळवतो. या आकड्यांत नोकरी आणि संसार सांभाळून शिकणारे स्थानिक विद्यार्थी पुष्कळ असल्याने ते परदेशी विद्यार्थ्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, पण दिशाहीन विषयनिवडीची किंमत ते स्पष्ट दाखवतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर दर सत्राला किमान १२ क्रेडिट घ्यावे लागतात, त्यांत ऑनलाइन विषय एकच मोजला जातो, आणि सत्रकाळात काम साधारणपणे कॅम्पसवरच, आठवड्याला २० तासांपर्यंत करता येते. कॅलिफोर्नियात ऑरेंज कोस्टसारखी काही कॉलेजे सोडली तर वसतिगृह नसते, म्हणजे अठरा वर्षांच्या मुलाला घर, स्वयंपाक आणि बसप्रवास स्वतः सांभाळावा लागतो. घरी कधी पाण्याचा ग्लासही उचलू न दिलेल्या मुलाला तेथे पाठवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

असोसिएट पदवीवर थांबून नोकरी करण्याचा बेत तर मुळातच चुकीचा आहे. सध्याच्या नियमांनुसार तिच्यानंतर कामाच्या प्रशिक्षणाची एक वर्षाची परवानगी मिळू शकते, परंतु विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना मिळणारी आणखी दोन वर्षांची मुदतवाढ बॅचलर पदवीशिवाय मिळत नाही, एच-१बी या नोकरीच्या व्हिसालाही तीच किंवा तिच्या तोडीची पात्रता लागते, आणि भारतात परतल्यास ही दोन वर्षांची पदवी येथील तीन वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची ठरत नाही. व्हिसाच्या मुलाखतीत हेच कॉलेज का, आणि त्यानंतर काय, असे विचारले जाते. उत्तर विद्यार्थ्याचे स्वतःचे नसून वडिलांनी पाठ करून घेतलेले असेल, तर ते अधिकाऱ्याला लगेच कळते.

ज्याला पूर्ण शिष्यवृत्तीसह चार वर्षांचा प्रवेश मिळाला आहे त्याने तोच घ्यावा, कारण ट्रान्सफरने येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला शिष्यवृत्त्या फार थोड्या असतात. भारतात पदवी घेऊन मास्टर्ससाठी जाण्याचा नेहमीचा मार्गही उत्तम आहे, आणि अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीयांत बहुसंख्य त्याच वाटेने गेलेले आहेत. मात्र बारावीनंतरच जायचे, शिष्यवृत्ती नाही आणि पैसा कर्जाचा, अशी परिस्थिती असेल, तर कम्युनिटी कॉलेजचा हिशेब मांडल्याशिवाय कोणत्याही पालकाने कर्जाच्या कागदावर सही करू नये, आणि हा हिशेब मांडताना मुलाला समोर बसवून आधी त्याचे म्हणणे ऐकावे.