आकाशातील ग्रह आणि पत्रिकेतील ग्रह



'याला साडेसाती आहे', 'हिला मंगळ आहे' ही वाक्ये आपल्या मुखेड तालुक्यात आजही घराघरांत ऐकू येतात. साडेसातीच्या भीतीने कुणी दुकान टाकणे पुढे ढकलतो, तर मंगळाच्या नावाखाली चांगली शिकलेली मुलगी नाकारली जाते. ज्यांना आपण एवढे भितो, ते ग्रह प्रत्यक्षात काय आहेत हे प्रस्तुत लेखात पाहू. आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतील कारकून. त्यामुळे येथे अवघड गणित नाही, साधा हिशेब आहे.

तारा म्हणजे काय?

तारा स्वतःच्या प्रकाशाने प्रकाशतो. आपला सूर्य हा एक ताराच आहे. त्याच्या गाभ्यात हायड्रोजनचे रूपांतर हेलियममध्ये होते व त्यातून ऊर्जा बाहेर पडते. त्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर आहे. म्हणजे १०९ पृथ्व्या एका ओळीत मांडाव्या लागतील. प्रकाश एका सेकंदात ३ लाख किलोमीटर धावतो. सूर्याचा प्रकाश आपल्याकडे येण्यास सुमारे ८ मिनिटे २० सेकंद लागतात, तर त्यानंतरच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याचा प्रकाश येण्यास ४.२ वर्षे लागतात. एवढ्या अंतरामुळेच तारे ठिपक्यासारखे दिसतात.

ग्रह म्हणजे काय?

ग्रहाला स्वतःचा प्रकाश नसतो. तो सूर्याभोवती फिरतो व सूर्याच्याच प्रकाशाने चमकतो. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून असे आठ ग्रह आहेत. प्लुटोची गणना २००६ पासून बटुग्रहांत होते. तारे लुकलुकतात, ग्रहाचा प्रकाश बहुधा स्थिर असतो. शिवाय काही आठवडे पाहिल्यास ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर ग्रह सरकलेला दिसतो.

आता पत्रिकेतील नवग्रह तपासून पाहा. त्यांतील रवी हा तारा आहे, चंद्र हा पृथ्वीचा उपग्रह आहे. राहू व केतू या तर वस्तूच नाहीत. चंद्राचा मार्ग सूर्याच्या भासमान मार्गाला जेथे छेदतो, ते हे दोन काल्पनिक बिंदू होत. नवांतून चार गेले, खरे ग्रह उरले पाच!

साडेसातीचा हिशेब

शनीला सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करण्यास सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. राशी बारा. म्हणजे एका राशीत तो सुमारे अडीच वर्षे दिसतो. आपली रास, तिच्या मागची व पुढची अशा तीन राशींचे मिळून साडेसात वर्षे होतात. साडेसातीचा आकडा आला तो शनीच्या संथ गतीतून. बारांपैकी तीन राशींना ती सदैव चालूच असते. म्हणजे आठवडी बाजारात भेटणाऱ्या दर चार माणसांत साधारण एकाला साडेसाती! त्या सर्वांचेच धंदे बुडतात काय?

मंगळाचेही तसेच. पत्रिकेच्या बारा घरांपैकी १, ४, ७, ८ किंवा १२ या घरांत मंगळ असला की दोष धरतात. बारांपैकी पाच घरे, म्हणजे शंभरांत चाळीसहून अधिक मुले-मुली 'मंगळी' ठरतील. प्रत्यक्षात मंगळ हा पृथ्वीच्या जेमतेम निम्म्या व्यासाचा, थंड व कोरडा ग्रह आहे. भारताचे मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी त्याच्या कक्षेत पोहोचले.

भाकिताची कसोटी

शास्त्रातील भाकीत कुणालाही तपासता येते. मुखेड सुमारे १८.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे दरवर्षी १४-१५ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शाळेच्या पटांगणात एक सरळ काठी उभी रोवा. सव्वाबाराच्या सुमारास तिची सावली नाहीशी होईल. बाराला का नाही? कारण आपली घड्याळे साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाच्या वेळेवर चालतात व आपण त्याच्या पश्चिमेस आहोत. जुलैच्या शेवटीही असा दिवस येतो, पण तेव्हा ढग असतात. सूर्याकडे मात्र थेट पाहू नका.

फलज्योतिषाचीही अशीच परीक्षा २००८ साली महाराष्ट्रात झाली. डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १०० हुशार विद्यार्थ्यांच्या आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या १०० मुलांच्या पत्रिका जमविल्या. कोणती पत्रिका कोणत्या गटातील, एवढेच ज्योतिषांनी सांगायचे होते. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून उत्तरे दिली. ती सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडविले असते तरी सुमारे ५० टक्के बरोबर आली असती.

मित्रांनो, येत्या मे महिन्यात काठी रोवून सावली जरूर पाहा, आणि घरातील वडीलधाऱ्यांनाही दाखवा. एखाद्या बहिणीचे लग्न मंगळावरून अडत असेल, तर बारांपैकी पाच घरांचा हिशेब कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेवा. हिशेब घरच्यांनाही कळतो. कुणीतरी तो मांडला पाहिजे.